चौकशीला आलेला पाहुणा

आमच्याकडे अनोळखी माणूस गावात शिरला, चहाच्या टपरीवर थांबला आणि एखाद्या घराविषयी हळूच विचारू लागला, की लोक समजून जातात. ह्यांच्या पोरीला स्थळ आलंय. मग तो काहीही विचारो, उत्तर चांगलंच द्यायचं. वैर असलं तरी चांगलंच द्यायचं. लग्नाच्या कामात मोडता घालणाऱ्याचं भलं होत नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. बांधावरून एकमेकांची डोकी फोडणारी माणसंसुद्धा त्या दिवशी शेजाऱ्याला देवमाणूस करून टाकतात. मला ही रीत आवडायची. वर्षातून एखाद्या दिवशी तरी माणसं एकमेकांबद्दल बरं बोलतात, असं मी म्हणायचे. आता म्हणत नाही.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, येडगाव धरणाच्या फुगवट्याला लागून. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी बारावी होऊन घरी बसले होते, म्हणजे लग्नाची झाले होते. धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांचा ऊस होता, टोमॅटो होता, गावात शब्दाला वजन होतं. दादा प्यायचे. बाजारच्या दिवशी प्यायचे आणि बाजार नसेल त्या दिवशीही प्यायचे. प्याल्यावर हात उचलायचे. आईवर कमी, भावावर जास्त, माझ्यावर नाही, कारण मुलगी परक्याचं धन. गावाला हे सगळं माहीत होतं. माहीत असणं आणि बोलणं ह्या आमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भावानं त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास केबल चोरली. फुगवट्याच्या कडेला शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी ओळीनं बसवलेल्या असतात, त्यांना वर विहिरीपासून वीज देणारी जाड केबल जमिनीवर उघडीच पडलेली असते. ती कापायची, जाळून वरचं प्लास्टिक घालवायचं आणि आतलं तांबं भंगारवाल्याला विकायचं. हे करणारी दोन मोठी पोरं होती, ती पळाली. हा सापडला, कारण हा केबल जाळून झाल्यावर तिथंच शेकत बसला होता. का बसला होतास, असं मी नंतर विचारलं. म्हणाला, "थंडी व्हती. आन् घरी कुठं जायचं?"

पोलिसांनी त्याला पुण्याला नेलं, निरीक्षणगृहात. गावात सगळे त्याला रिमांड होमच म्हणायचे. आठ दिवस तो तिथं होता. त्या आठ दिवसांत आमच्या घरात त्याचं नाव निघालं नाही. आई चार माणसांच्या भाकरी थापायची आणि एकाच्या भाकरी संध्याकाळी गाईला घालायची. मला रडू येईल असं वाटत होतं, ते आलं नाही. मी दारातला पालापाचोळा झाडत राहिले.

पुण्याच्या बाल न्याय मंडळात एक मॅडम होत्या, प्रोबेशनच्या. त्यांनी दादांना आणि बरोबर गेलेल्या पोलीस पाटलांना सांगितलं की एवढ्या पोराला आत ठेवून काही साधत नाही. गावात ठेवू, कामात ठेवू. ज्याचं नुकसान केलंय त्याचंच काम करू दे. सहा महिने बघू, मग त्यानं कुठं राहायचं ते मंडळ ठरवील. फक्त गावातलं कुणीतरी जबाबदार माणूस पाहिजे.

पोलीस पाटलांनी चावडीवर हे सांगितलं तेव्हा लोक जमिनीकडे बघत बसले. चोर कोण घरी घेणार? तेवढ्यात ज्यांची केबल गेली होती तेच उठले. ते मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यांचा बाप आयुष्यभर मेंढरांमागे फिरला. ह्यांनी धरणाचं पाणी आल्यावर तीन एकर केले होते, पण साठएक मेंढरं अजून होती आणि डोक्याला लाल मुंडासं होतं. सगळे त्यांना बाबाच म्हणायचे.

"केबल गेली ती गेली," बाबा म्हणाले. "पोरगं माझ्याकडं द्या. कापाय येती त्याला, आता जोडाय शिकवतो."

लोक हसले. दादा हसले नाहीत. पाटलाचं रक्त आणि मेंढराच्या मागं, असं ते घरी आल्यावर म्हणाले. पण पुण्याहून कागद आला होता, त्यापुढं त्यांचं चाललं नाही.

फुगवट्याला जमीन असणाऱ्यांना उन्हाळ्यात एक काम सुटत नाही. धरणाचं पाणी खाली जातं तशी मोटार खाली सरकवावी लागते. आज पाण्यात असलेली मोटार आठ दिवसांनी चिखलात असते. मग ती उचलायची, पाइप वाढवायचा, केबल वाढवायची, पुन्हा बसवायची. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत हेच. बाबांनी भावाला स्वतःच्याच नाही, सगळ्यांच्या मोटारी सरकवायला लावल्या. ज्या माणसाला गरज असेल त्यानं वस्तीवर येऊन सांगायचं, पोरगं जाईल. आधी लोक त्याच्यावर नजर ठेवून बसायचे. तो गेला की पक्कड-पाने मोजून घ्यायचे. चैत्रात कुणी मोजेनासं झालं. वैशाखात लोक त्याला हाका मारायला लागले. "ए वायरमन, आमची बी बघ की जरा."

मी दर दोन दिवसांनी त्याचे धुतलेले कपडे घेऊन वस्तीवर जायचे. तो बाबांच्या छपरात, मेंढरांच्या जाळीशेजारी झोपायचा. बाबांची बायको त्याला कालवण वाढताना आधी त्याच्या ताटात बघायची, मग बाबांच्या. त्याच्या अंगाला लोकरीचा वास यायला लागला होता. एकदा मी गेले तर तो आणि बाबा केबलचा सांधा करत होते. बाबा म्हणाले, "तांबं तांब्याला घट भिडलं पायजे. वरनं पट्टी कितीबी गुंडाळ, आत ढिलं आसंल तर जळतंय." भाऊ म्हणाला, "म्हाइतीय." आणि हसला. घरी तो हसायचा नाही असं नाही. घरी तो हसण्याआधी दाराकडे बघायचा.

मे महिन्यात तो मला पाण्याच्या कडेपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "तायडे, पुण्यास्नं साहेब येणारेत म्हणं. घर बघाय. मग ठरवणार, मी हितं ऱ्हायचं का घरी."

"बरं."

"आई काय बोलायची न्हाई. तू खरं सांग. दादा कसं वागत्यात ते सांग. म्हंजी ते मला बाबाकडंच ठिवतील."

"सांगते," मी म्हणाले.

"आन घाल."

"घातली." मी गळ्याला चिमटा लावला. तो परत चढून गेला. एवढंच होतं. ह्याच्यापेक्षा मोठं काम मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

त्याच आठवड्यात निमगाव सावाच्या मावशीचा निरोप आला. आंबेगाव तालुक्यातल्या पेठचं स्थळ आहे. मुलगा चाकणला कंपनीत, पुण्यात खोली. रीतसर बघायला येण्याआधी त्यांचं कुणीतरी न सांगता येऊन चौकशी करून जाईल. घर नीट ठेवा, पोरीला तयार ठेवा, आणि धाकट्याचं म्हणाल तर शिकायला बाहेरगावी आहे म्हणावं. आईनं चार दिवस रोज ओटा सारवला. मी चार दिवस रोज सकाळी चांगलं पातळ नेसून बसायचे आणि त्यातच भांडी घासायचे.

शुक्रवारी दादा मंचरच्या बाजाराला गेले होते. अकराच्या सुमाराला एक पन्नाशीचे गृहस्थ मोटारसायकलवरून आले. पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. टपरीवर त्यांनी चहा घेतला आणि आमच्या घराची चौकशी केली. टपरीवाल्यानं नंतर शब्द न् शब्द सांगितलं म्हणून मला माहीत आहे.

"माणसं कशी आहेत?"

"सोन्यावानी."

"वडील पितात वगैरे?"

"माळकरी माणूस, साहेब. चहाला शिवत न्हाई."

"मुलाचं काहीतरी ऐकलंय."

टपरीवाल्याला वाटलं, ह्या पाहुण्याला केबलचं कळलंय, आता स्थळ हातचं जातंय. तो म्हणाला, "पोरवयात कोण चुकत न्हाई? संगतीनं वाहवलं जरा. पर बाप लई लक्ष देतो त्याच्याकडं. लेकरं म्हंजी जीव त्यांचा." बाकावर बसलेले आणखी दोघं म्हणाले, बरोबर हाय. त्यातल्या एकाशी दादांची बांधावरून कोर्टात तारीख चालू होती.

गृहस्थ घरी आले. "पुण्याहून आलोय, चौकशीला," म्हणाले. ही माणसं आपली ओळख गावात मोठ्यानं सांगत नाहीत, पोराची बदनामी होऊ नये म्हणून, हे मला फार पुढं कळलं. चांगल्या मनानंच करतात. आईनं पदर घेतला, सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी चहा घेऊन आले आणि शिकवल्याप्रमाणे खाली बघत उभी राहिले.

त्यांनी माझं शिक्षण विचारलं. घरात किती माणसं, जमीन किती, विहीर आहे का, सगळं विचारलं. मग वडिलांचा स्वभाव. आई म्हणाली, "शांत आहेत." मी म्हणाले, "शांत आहेत." व्यसन? "नाही." मुलांना मारतात का कधी? मला हा प्रश्न जरा चमत्कारिक वाटला, पण पेठची माणसं सुधारलेली असतील असं मनाशी म्हटलं. "बोटसुद्धा लावत नाहीत," मी म्हणाले. चांगलं ठणठणीत म्हणाले. मुलीनं स्पष्ट बोललेलं शहरातल्यांना आवडतं, असं मावशीनं सांगून ठेवलं होतं.

ते पिशवीतून पॅड काढून लिहीत होते. स्थळाचा माणूस लिहून घेत नाही. एवढी साधी गोष्ट, पण मला ती कळली नाही, कारण मी त्यांच्या बुटांकडे बघत होते. बूट साधे होते, टाचेला झिजलेले. कंपनीतल्या मुलाचा चुलता असा कसा, एवढंच डोक्यात आलं.

लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं. बालकाचे वडील निर्व्यसनी असून स्वभावाने शांत आहेत. बालकास मारहाण होत नाही. घरातील वातावरण चांगले आहे. शेजाऱ्यांचे मतही तसेच आहे. बालकाचा ताबा पालकांकडे देण्यास हरकत दिसत नाही.

"बालक" हा शब्द ऐकला आणि मला कळलं.

आईला कळलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मी सांगेन म्हणून. साहेबांनी कागद माझ्यापुढं धरला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "बरोबर आहे ना बाळ? काही बदल करायचा असेल तर आत्ताच सांगा. मग सही करा."

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला वेळच मिळाला नाही. हे खोटं आहे. वेळ होता. चहाच्या कपावर माशी बसली, उठली, पुन्हा बसली, एवढा वेळ होता. मी एवढंच म्हणायचं होतं की साहेब, चूक झाली, आम्ही तुम्हाला पाहुणे समजलो. मग पुढचं त्यांनीच विचारलं असतं. पण मग ते कागदावर आलं असतं, खाली माझी सही आली असती आणि तो कागद पुण्याला दादांपुढं वाचला गेला असता. ते पेठलाही पोहोचलं असतं. बाप दारुडा, भाऊ चोर, आणि पोरगी बापाविरुद्ध सही करणारी. हे सगळं मी तेव्हा इतकं मांडून बघितलं नव्हतं. मला फक्त लग्न होऊन त्या घरातून जायचं होतं. तेही जोरात वाटलं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं, पाय मुडपून फार वेळ बसल्यावर होतं तसं.

"बरोबर आहे," मी म्हणाले आणि सही केली. सही सुबक आली होती, हे मला आठवतं.

ते गेल्यावर आईनं विचारलं, "पसंत पडलं असंल का गं?" मी म्हणाले, ते भावासाठी आले होते.  आईनं कपबशा उचलल्या आणि मोरीत नेल्या. त्याबद्दल ती मला एक शब्द बोलली नाही, तेव्हाही नाही आणि मरेपर्यंत नाही.

जूनच्या शेवटी मंडळाचा आदेश आला. चांगल्या वर्तनाच्या हमीवर मुलगा पालकांच्या ताब्यात. दुसऱ्या दिवशी बाबा त्याला घेऊन दारात आले. खांद्यावर त्याचं अंथरूण होतं, वर एक नवी घोंगडी. दादा घरात असून बाहेर आले नाहीत.

"कागदात तुमचं घर लई चांगलं लिवलंय म्हनं," बाबा मला म्हणाले. टोमणा मारावा तसं ते बोलले नाहीत. वाचता येत नाही अशा माणसानं कागदाविषयी बोलावं तसं बोलले. "आसंल. आमाला काय ठावं. घोंगडी ऱ्हाऊ दे त्याला." आणि गेले.

भाऊ ओट्यावर बसला होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "तू सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं," मी म्हणाले. "सगळं सांगितलं. त्यांनी लिहिलंच नाही."

तो म्हणाला, "मला वाटलंच. सरकारची मानसं तसलीच." त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. त्याला जरा बरंही वाटलं असावं.

आखाडात, दिवसाउजेडी, दादांनी त्याला मारलं. कारण काय होतं ते मला आठवत नाही, बहुतेक बाबांच्या वस्तीवर गेला होता. समोर उभं करून मारलं. दादांचा उजवा हात त्याच्या डाव्या कानावर बसला. तो पडला नाही, फक्त डोकं एका बाजूला धरून उभा राहिला, कानात पाणी गेलेलं काढतात तसा. नारायणगावला डॉक्टरनं सांगितलं, पडदा गेलाय. दादांनी औषधाची चिठ्ठी खिशात घातली. परत येताना एसटीत आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो. मी बाहेर बघत होते. ऊस, टोमॅटो, ऊस.

गावाला वाईट वाटलं. खरोखर वाटलं. टपरीवाला तर घरी येऊन गेला. त्या शुक्रवारचा पाहुणा कोण होता ते आता सगळ्यांना कळलं होतं. "आमी लग्नाचं समजलो राव," असं तो ज्याला त्याला सांगत होता. "पुन्ना कुनी आलं तर खरं काय ते सांगतो, आईची आन."

आणि त्यानं सांगितलंही. दिवाळीनंतर दोन माणसं जीपमधून आली, टपरीवर थांबली, आमच्या घराची चौकशी केली. टपरीवाल्यानं ह्या वेळी काही राखून ठेवलं नाही. बाप पितो, हात टाकतो, पोराचा कान घालवला, आई मुकी झाल्यासारखी आहे, सगळं. त्याला वाटलं, सरकार पुन्हा आलं. ते पेठचे होते. मुलाचे चुलते आणि मामा. ते आमच्या दारापर्यंत आलेच नाहीत, जीप तिथूनच वळवली. मावशीनं आईला चार शब्द सुनावले आणि दोन वर्षं आमच्याकडे पाऊल टाकलं नाही. मला हसू आलं होतं. दुसरं काही आलं नाही.

माझं लग्न पुढं घोडेगावच्या बाजूला झालं, बऱ्या माणसाशी. कानपिळीच्या वेळी भाऊ नवरदेवाचा कान धरून उभा होता आणि पोरं ओरडत होती, "जोरात पीळ, जोरात!" तो नुसता धरून होता. मी त्याच्या उजव्या बाजूला झुकून सांगितलं, "पीळ म्हणतायत." मग त्यानं हळूच पिळला.

आता तो खरंच वायरमनचं काम करतो. मोटारी बसवतो, सांधे करतो. त्याच्या सांध्याची केबल जळत नाही, असं त्या भागात म्हणतात. बाबा गेले तेव्हा त्यांच्या मुलांबरोबर त्यानंही डोकं भादरलं. दादा आहेत, त्यांनी माळ घातली आहे, आता ती खरी आहे. भाऊच त्यांची औषधं आणतो.

दर भाऊबीजेला तो येतो. मी ओवाळते, तो ताटात घालायचं ते घालतो आणि माझ्या मुलांना तीच गोष्ट सांगतो. "आख्खं गाव खोटं बोललं. तुमची आई एकटी खरं बोलली, पर त्या साहेबानं लिवलंच न्हाई." मुलं माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी आत जाऊन काहीतरी आणते.

परवाच्या भाऊबीजेला मुलं बाहेर होती आणि तो जेवत होता. मी वाढायला बसले ती त्याच्या डाव्या बाजूला. मुद्दाम बसले होते का, ते मला सांगता येत नाही. मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मी त्या साहेबाला काही सांगितलं नव्हतं. दादा शांत आहेत, असं मी सांगितलं. सही माझी होती."

तो जेवत राहिला. मग माझे ओठ हललेले दिसले असावेत. त्यानं घास थांबवला, मान वळवली आणि उजवा कान माझ्याकडे आणून म्हणाला, "काय म्हनलीस तायडे?"

"भाजी घेतोस का अजून, म्हटलं."

"घाल थोडी," तो म्हणाला आणि ताट पुढं केलं.